काऊन मिस्त्री

मिस्त्रींच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात आमच्या संस्थेच्या सचिवांनी त्यांना 'मितभाषी' म्हटलं, तेव्हा मला ठसकाच लागला. पुढे ते म्हणाले की, दिवंगत मिस्त्री अत्यंत मनमिळाऊ होते आणि आमच्या शाळेशी त्यांचे जिव्हाळ्याचे संबंध होते. मांडवात शंभरेक माणसं बसली होती. त्यांतल्या निम्म्यांना मिस्त्रींनी कधी ना कधी आपल्या शेडमधून हाकलून दिलेलं होतं. आणि जिव्हाळ्याचे संबंध सांगणाऱ्या याच सचिवांनी मिस्त्रींना एकदा शाळेच्या व्हरांड्यात दोन तास ताटकळत ठेवलं होतं. पण कुणी हूं की चूं केलं नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे मला मान्य आहे. पण खोटं बोलावं, असं कुणी सांगितलंय?

म्हणून ते खरे कसे होते ते मी सांगतो. मिस्त्री भांडकुदळ होते. वडनेर भोलजीच्या अलीकडे हायवेला लागून त्यांची पत्र्याची शेड होती. तिथे गाडी घेऊन गेलेला माणूस तासाभरात एकतर त्यांच्याशी भांडायचा, नाहीतर त्यांच्या बाजूने दुसऱ्याशी. गॅरेजमधला हा एकच माणूस मी पांढरा शर्ट घालून काम करताना पाहिला. रोज धुतलेला, पांढरा. मी कारण विचारलं तर म्हणाले, काळ्या कपड्यावर डाग पडला तर तो कुठून पडला ते कळत नाही. संध्याकाळी ते आरशासमोर उभे राहून शर्टावरचे डाग वाचायचे, आणि कुठल्या गाडीचं ऑइल कुठून आलं याचा मनाशी हिशेब लावायचे.

त्यांना सगळे 'काऊन मिस्त्री' म्हणत. काऊन म्हणजे का. आमच्याकडे हा शब्द सगळ्यांच्याच तोंडी असतो, पण बाकीचे लोक उत्तर आलं नाही तर सोडून देतात. मिस्त्री सोडत नसत. नांदुऱ्याच्या डॉक्टरांनी त्यांना बी.पी.ची गोळी लिहून दिली तेव्हा त्यांनी विचारलं, काऊन वाढला? डॉक्टर म्हणाले, वय झालं. मिस्त्री म्हणाले की, वय तर माझ्या बायकोचंही झालं, तिचा काऊन नाही वाढला? मुलीला पाहायला आलेल्या पोराला त्यांनी पोहे यायच्या आधी विचारलं की, तुला लग्न काऊन करायचं आहे. पोराला उत्तर आलं नाही आणि पाहुणे पोहे न खाता उठले. मुलगी मात्र खूश झाली, कारण तिलाही तो पोरगा पसंत नव्हता. हे मला तिनेच सांगितलं.

मिस्त्रींचं खरं काम मागच्या डिफरेन्शियलचं. मिनीबस, जीप, टेम्पो यांच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक मोठा लोखंडी गोळा दिसतो, तो हा. आत दातेरी चाकं असतात आणि ती नव्वद नंबरच्या जाड ऑइलमध्ये फिरतात. शाफ्ट जिथे आत शिरतो तिथे आणि दोन्ही चाकांकडे ऑइल बाहेर येऊ नये म्हणून रबराच्या कडीसारखं सील बसवलेलं असतं. ते गेलं की जमिनीवर थेंब पडायला लागतात. हायवेवरच्या कुठल्याही दुकानात अर्ध्या तासात नवीन सील ठोकून देतात. मिस्त्रींकडे दोन दिवस लागायचे, म्हणून लोक चिडायचे.

दोन दिवस लागायचे, कारण ते सीलला हात लावायच्या आधी गाडीखाली झोपून राहायचे. शाफ्ट हाताने हलवून बघायचे. बेरिंग सैल झालं असेल तर शाफ्ट डुगडुगतो आणि नवीन सीलसुद्धा महिन्यात खाऊन टाकतो. जिथे सीलचा ओठ, म्हणजे त्याची आतली पातळ कड, घासतो तिथे लोखंडावर नखाने चाचपायचे. तिथे चर पडलेली असेल तर जगातलं कुठलंही सील टिकत नाही. मग ऑइल बोटावर घेऊन चोळायचे, त्यात कण लागतात का, पाणी शिरलंय का. एकदा संग्रामपूरकडचा एक जीपवाला म्हणाला की, मला घाई आहे, फक्त सील बदलून द्या. मिस्त्रींनी त्याच्या हातात पान्हे दिले, स्वतः बाजेवर जाऊन बसले आणि म्हणाले, घाई तुझी आहे तर कामही तूच कर. तो माणूस शिव्या देत निघून गेला. पंधरा दिवसांनी गाडी ओढून परत आणली. मिस्त्रींनी त्याला चहा पाजला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

ते बौद्ध होते. शेडमध्ये तथागतांची एक छोटी मूर्ती होती आणि पौर्णिमेला दुपारपर्यंत शेड बंद असायची. त्यांच्या डोक्यात धम्म आणि डिफरेन्शियल यांची सरमिसळ झालेली होती, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे. ते म्हणायचे, "दुःख हाय. दुःखाले कारण हाय. कारण काढलं का दुःख जाते. बुद्धानं हे सांगतलं आन् लोकायनं फक्त हात जोडले. अरे, गळतीले कारण हाय ना बे. कारण तसंच ठेवून सील काऊन बदलता?"

सील बसवण्याची त्यांची पद्धत मी कितीतरी वेळा पाहिली. जुनं सील काढताना आतल्या कडेला ओरखडा जाऊ देत नसत. शाफ्ट खोलण्याआधी दोन्ही तुकड्यांवर खूण करून ठेवायचे, म्हणजे जसा होता तसाच परत बसावा. नव्या सीलच्या ओठाला बोटाने ऑइल लावायचे. मग सुताराकडून खास करवून घेतलेला लाकडी गोल ठोकळा त्यावर ठेवून चारी बाजूंनी हलके हलके ठोके द्यायचे, लोणच्याच्या बरणीचं झाकण बसवावं तसे. शेवटचा नट घट्ट करताना तर बोलणंही बंद. तो प्रमाणाबाहेर पिळला की आतल्या बेरिंगवर भलता ताण येतो. दिवसभरात त्यांचं तोंड तेवढाच वेळ मिटलेलं असायचं. सचिवांना मितभाषी म्हणायचं होतं ते बहुधा त्या नटाबद्दल.

आणि ती भिंत. शेडच्या मागच्या भिंतीवर मिस्त्री गेलेली सीलं खिळ्यांना लटकवून ठेवत. प्रत्येक सीलखाली वहीच्या कागदाची चिठ्ठी आणि तिच्यावर कारण. चिखल. बेरिंग. हलकं ऑइल. हातोडा, म्हणजे वेड्यावाकड्या ठोक्याने बसवलेलं. आणि सगळ्यांत जास्त चिठ्ठ्या 'घाई'च्या. बाजूला सुतळीला बांधलेला पेन लोंबायचा. भिंतीचा नियम एकच होता, कारण लिहायचं, नाव लिहायचं नाही. लोक हसायचे. गेलेल्या सीलांचे फोटो लावलेत मिस्त्रींनी, हार घालायचे तेवढे बाकी आहेत, असं म्हणायचे. मीही हसलो आहे, पहिल्यांदा गेलो तेव्हा.

पहिल्यांदा गेलो ते शाळेच्या मिनीबसमुळे. मी विज्ञानाचा शिक्षक. पण आमच्याकडे शिक्षकाला शिकवणं सोडून बाकी सगळं करायला लावतात. खिचडीचा तांदूळ मोजा, मतदार याद्या तपासा, आणि त्यातून वेळ उरला तर वाहन समिती सांभाळा. नवीन होतो, शिक्षणसेवकाची तीन वर्षं संपत आली होती आणि कायम होण्याचा कागद सचिवांच्या सहीसाठी पडून होता. त्यामुळे वाहन समिती म्हणजे मी एकटा. गाडीवर प्रल्हाद नावाचा ड्रायव्हर होता. पोरं त्याला प्रल्हादकाका म्हणत. शेवटचं पोर घरात शिरलेलं दिसल्याशिवाय तो गाडी हलवत नसे. त्याची स्वतःची पोरगी आमच्याच शाळेत सहावीला होती आणि ती ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून यायची.

त्या वर्षी दसऱ्याला सचिवांना पाहुणे बोलवायचे होते. खंडेनवमीला आमच्याकडे विळ्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं धुऊन पुसून पुजतात, आणि ज्याची ऐपत असेल तो गाडीला रंग देतो. सचिव म्हणाले, गाडी खालूनसुद्धा नवी दिसली पाहिजे. पाहुणे काही गाडीखाली झोपून बघणार नव्हते, पण हे सांगणार कोण? प्रल्हाद दोन दिवस गावाला गेला होता. शिपायाने बाहेरून रंग दिला आणि खालचा भाग मी घेतला. कुणी सांगितलं नव्हतं. सचिव गॅलरीत उभे होते, म्हणून घेतला. पोत्यावर झोपून मी डिफरेन्शियलच्या गोळ्याला काळा चकचकीत रंग दिला. वरच्या बाजूला एक बोटाच्या पेराएवढी गंजकी टोपी होती. तीच एक वाईट दिसत होती, म्हणून तिला तीन हात दिले.

दिवाळीनंतर गाडीखाली ऑइल दिसायला लागलं. प्रल्हादने येऊन सांगितलं. मी म्हटलं, सील बदलून घे. हायवेवर अर्ध्या तासात बदलून झालं. महिन्याभरात पुन्हा गळायला लागलं. प्रल्हादने पुन्हा सांगितलं, आणि म्हणाला, सर, यात काहीतरी दुसरं आहे, मिस्त्रींना दाखवू. मी म्हटलं, तो माणूस दोन दिवस गाडी अडकवून ठेवेल, पोरांना आणायचं कोणी? पुन्हा अर्ध्या तासाचं सील. संक्रांतीनंतर एका सकाळी गाडी पोरांना घेऊन शाळेच्या उतारावरून येत होती. चाकाकडच्या सीलमधून ऑइल ब्रेकच्या ड्रममध्ये शिरलं होतं आणि लायनर भिजले होते. मागचे ब्रेक धरेनात, पुढचे एकटे पुरेनात. फाटकात प्रार्थनेला उशीर झालेली पंधरा-वीस पोरं उभी होती. प्रल्हादने गिअर खाली आणून वेग तोडला आणि गाडी पोरांच्या विरुद्ध बाजूला, फाटकाच्या खांबावर घातली. एकाही पोराला खरचटलं नाही. एका पोरीचा डबा सांडला.

पण त्या खांबावर कोनशिला होती, सचिवांच्या वडिलांच्या नावाची, आणि तिचे दोन तुकडे झाले.

शाळेत त्या दिवशी चर्चा कशाची झाली असेल? कोनशिलेची. ज्या माणसाने पोरं वाचवली त्याचं नाव दुपारपर्यंत 'गेटवर गाडी घालणारा' पडलं. सचिवांनी चौकशी समिती नेमली, म्हणजे पुन्हा मीच. ड्रायव्हरच्या हयगयीने अपघात झाला असं मेकॅनिककडून लिहून आणा, असं त्यांनी मला स्पष्टच सांगितलं. सर्वांत जवळची शेड मिस्त्रींची, म्हणून गाडी तिथे ओढून नेली होती.

मी पोहोचलो तेव्हा मिस्त्री गाडीखालीच होते. मला पोतं दिलं आणि म्हणाले, या. मी आत सरकलो. त्यांनी त्या टोपीवरचा रंग नखाने खरवडला, टोपी पान्ह्याने काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"फुंका, सर."

मी टोपी तोंडाला लावून फुंकलं. गाल फुगले, कान बंद झाले, हवा जाईना. ओठांना काळं लागलं तेवढं. मग त्यांनी बारीक तार घातली, आतून रंगाचा वाळका तुकडा काढला आणि पुन्हा फुंकायला लावलं. आता शिट्टी वाजल्यासारखी हवा गेली.

"हे गाडीचं नाक हाय," ते म्हणाले. "चालू चालू गाडी तापते, आतली हवा फुगते, इथून निघून जाते. नाक बुजलं तं हवा जाईन कुठं? ऑइलले ढकलते. ऑइल सीलले ढकलते. तीन काय, तीस सीलं बदला. नववीले दाब तुमीच शिकवता ना?"

मीच शिकवत होतो. डब्यातल्या तापलेल्या हवेचा प्रयोग मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवत होतो. पोत्यावर पडल्यापडल्या मला सगळं एका क्षणात कळलं.

"रंग कोणं देल्ला?" मिस्त्रींनी विचारलं.

"शाळेनं," मी म्हणालो.

"शाळेले हात असतात का, सर?"

मी पोत्यावरून सरकत गाडीबाहेर आलो. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही, आणि ते त्यांच्या स्वभावाविरुद्ध होतं.

मी अहवाल लिहिला. ऑइल सील जुनं होऊन निकामी झालं आणि चालकाने वेळोवेळी तपासणी करण्यात हयगय केली, असा. दोनदा येऊन सांगणाऱ्या माणसाबद्दल मी हे लिहिलं. अक्षर चांगलं यावं म्हणून दोनदा लिहून काढलं. प्रल्हादला आठवड्याच्या आत घरी बसवलं.

मिस्त्रींना हे कळलं तेव्हा ते त्या पांढऱ्या शर्टात शाळेत आले. रुमालात ते सील आणि ती टोपी गुंडाळून आणली होती. सचिवांनी त्यांना दोन तास व्हरांड्यात थांबवलं. मी सचिवांच्याच खोलीत हजेरीपटावर मान घालून बसलो होतो, आणि दारातून मला मिस्त्रींच्या चपला दिसत होत्या. शेवटी आत बोलावलं, खुर्ची दिली नाही. मिस्त्रींनी रुमाल उघडून टेबलावर ठेवला आणि सांगितलं की, रंगाने छिद्र बुजलं होतं, ड्रायव्हरचा दोष नाही. रंग कोणी दिला, ते बोलले नाहीत. सचिव माझ्याकडे वळून म्हणाले, तुम्ही विज्ञानाचे आहात, सर, रंग दिल्याने गाडीचे ब्रेक जातात का?

मी म्हणालो, "तसं निश्चित सांगता येणार नाही."

हे वाक्य मी नऊ वर्षं रोज ऐकतो आहे. माझ्या शिक्षणाचं, माझ्या डिग्रीचं, माझ्या त्या फळ्यावरच्या प्रयोगांचं सार म्हणजे हे वाक्य.

मिस्त्री माझ्याकडे बघून म्हणाले, "काऊन सांगता येत नाही, सर?"

सचिव हसले. दहावी नापास माणसाने सरांची परीक्षा घेऊ नये, असं काहीतरी म्हणाले. मिस्त्रींनी रुमालाची घडी घातली आणि ते गेले. पुढच्या महिन्यात मी कायम झालो.

प्रल्हाद कधी पाण्याच्या टँकरवर, तर कधी कापसाच्या गाडीवर बदली म्हणून जायला लागला. शाळेच्या गेटवर गाडी घालणाऱ्याला कोणती शाळा ठेवणार? जिथे जाई तिथे ते नाव त्याच्या आधी पोहोचलेलं असायचं. त्याची पोरगी आमच्या शाळेतून निघाली आणि नांदुऱ्याला जायला लागली. रस्त्यात भेटला की तो मला नमस्कार सर म्हणायचा. मला त्याचा राग यायचा. अरे, शिव्या तरी दे.

वाहन समिती माझ्याकडेच राहिली, त्यामुळे वर्षातून दोनदा तरी मिस्त्रींकडे जावंच लागे. त्या प्रकारानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा आमचं सील भिंतीवर लागलेलं होतं आणि खाली चिठ्ठी होती. कोरी. शेकडो सीलांमध्ये तेवढी एकच. मी विचारलं, यावर लिहिलं का नाही? मिस्त्री म्हणाले, "कारण तुमच्यापाशी हाय, सर. तुमी लिहा. पेन लटकूनच हाय."

मी लिहिलं नाही. उलट चिडलो. एक शब्द लिहायला या माणसाला काय झालं होतं? चारचौघांत माझं नाव घेऊन टाकायचं होतं, मी नाकबूल केलं असतं, भांडण झालं असतं, सुटलो असतो. पण नाही. दरवेळी ते माझ्यासाठी स्टूल टाकायचे ते बरोबर त्या चिठ्ठीसमोर. चहा द्यायचे, गाडीबद्दल बोलायचे, घरच्यांची चौकशी करायचे. दुसऱ्या वर्षी दसऱ्याच्या आधी शेडबाहेर पाटी लागली, 'गाडीले रंग द्या, नाकाले नोका देऊ'. येणारे जाणारे वाचून हसत, आणि मी त्या रस्त्याने जाताना दुसरीकडे बघत असे. शर्टावरचा प्रत्येक डाग वाचणाऱ्या माणसाला माझ्या तोंडावरचा दिसत नव्हता असं थोडंच आहे?

हे सगळं डोक्यात घेऊन मी त्या मांडवात बसलो होतो आणि सचिव जिव्हाळ्याचे संबंध सांगत होते. मांडव शेडच्या समोरच घातला होता. तथागतांची मूर्ती बाहेर आणून ठेवली होती, तिच्या बाजूला मिस्त्रींचा पांढऱ्या शर्टातला फोटो, आणि मागे ती भिंत. कार्यक्रमाच्या आधी मिस्त्रींच्या मुलीने मला बाजूला घेऊन विचारलं होतं की, शेड आता विकायची आहे, ही सीलं भंगारात द्यावी की काय करावं. मी म्हटलं, बघू. नऊ वर्षांत मला तेवढंच येत होतं.

सचिव बसले. मुलीने विचारलं, आणखी कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का. मी उठलो तो माईककडे गेलोच नाही. भिंतीकडे गेलो, खिळ्यावरून सील काढलं, चिठ्ठी काढली. कागद पिवळा पडला होता. सुतळीचा पेन वाळून गेलेला. सचिवांना वाटलं मी श्रद्धांजली लिहितोय. त्यांनी सवयीने खिशातला आपला पेन काढून पुढे केला. मी तो घेतला.

मी लिहिलं, आणि मग माईकवर येऊन वाचलं. "रंग. देणारा हात माझा. प्रल्हादने दोनदा सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, आणि अहवाल खोटा लिहिला." खाली माझं पूर्ण नाव लिहिलं होतं, तेही वाचलं. त्या भिंतीच्या नियमात ते बसत नव्हतं, पण नियम करणारा आता हरकत घ्यायला नव्हता.

सचिव म्हणाले की, ही काय जागा आहे का, आणि पेनासाठी हात पुढे केला. मी पेन दिला. म्हटलं, जागा हीच आहे, साहेब, व्हरांडा नाहीये इथे. मग मी लोकांकडे बघितलं. प्रल्हाद शेवटच्या रांगेत, मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. केस पांढरे झाले होते. मी चिठ्ठी घेऊन त्याच्यापर्यंत गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. चिठ्ठी त्याच्या हातात दिली.

त्याने ती वाचली, घडी करून वरच्या खिशात ठेवली.

"मले मालूम होतं, सर," तो म्हणाला. "मिस्त्रीनं तवाच सांगतलं. म्या म्हटलं, मी जातो आन् बोलतो समद्यायसमोर. तर म्हणे, थांब. सर सोता लिहितीन."

मी विचारलं, "आणि तू थांबलास?"

"म्या इचारलं ना त्याले. काऊन थांबू? तुमाले काऊन वाटते का सर लिहितीन? तर म्हणे, याचं कारण मले नाही सांगता येत. पण लिहितीन." त्याने खिशावरून हात फिरवला. "नऊ वर्सं लागले, सर."

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो सगळा इतकी वर्षं मीच वापरून टाकला होता, नको त्या माणसांवर.